रामटेकेबाईंनी पुरलेले सोले

परवा नातसुनेनं फ्रिजमधून अर्धी संपलेली बरणी काढली, झाकण बाजूला केलं, बरणीला नाक लावलं आणि म्हणाली, "ठीक है दादी, खराब नाही झालं." माझ्या तोंडून ताडकन निघालं, "नाकाले काय समजते?" पोरगी दचकली. मीही दचकले. आवाज माझा होता, पण बोलणं माझं नव्हतं. ते रामटेकेबाईंचं होतं. बाईंना जाऊन तीन वर्षं होत आली, आणि अजून त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन लोकांना दटावतात.

आमच्या भिलाईच्या कॅम्प एक वस्तीत त्या दोन गल्ल्या सोडून राहायच्या. माणसं भंडाऱ्याकडची, बौद्ध. मालक स्टील प्लांटात, कोक ओव्हनला. आमचे हे मर्चंट मिलला. गाव दोघींचंही तिकडचंच, पण गावात त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये जेवढं अंतर असतं ना, तेवढं अंतर आम्ही भिलाईतसुद्धा गाठोड्यात बांधून आणलं होतं. हे मी आज लिहिते. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर भांडले असते.

बाई बुटक्या, सावळ्या, काठीसारख्या ताठ. डाव्या मनगटावर बांगड्यांच्या वर मालकांचं जुनं मोठं घड्याळ बांधलेलं आणि त्याच हातावर कोपरापर्यंत वाफेनं भाजल्याचा चट्टा. चालणं असं की मागून हाक मारावी तर त्या पुढच्या चौकात. आणि बोलण्यात प्लांट घुसलेला. दूध उतू जायला लागलं की "शटडाउन घे, शटडाउन!" सुनेनं तोंड फुगवलं तर "आज तिचं प्रेशर वाढलं, वॉल्व उघडा लागते."

पहिली ओळख भांडणातच झाली. मी कुकर चढवून ओट्यावर शेजारणीशी बोलत बसले होते. बाई पिशवी घेऊन समोरून चालल्या होत्या. थांबल्या.

"किती झाल्या?"

"तीन."

"तीन काय?"

"शिट्ट्या न व बाई."

"शिट्टी काय टाइम आहे का? तुह्या कुकरले सर्दी झाली, माहा खणखणीत. तुह्या तीन आन माह्या तीन एक कशा? घरात घड्याळ नाही का?"

"आहे न. भिंतीवर."

"मंग ते काय फोटो आहे?"

मला राग आला. वीस वर्षं शिट्ट्या मोजून वरण शिजवलं, कधी कच्चं राहिलं नाही, असं मी चढ्या आवाजात सांगितलं. बाईंनी पिशवी खाली ठेवली, कमरेवर हात घेतला. "वरणाचं जाऊ दे. कच्चं राहिलं तं अजून एक शिट्टी देशीन. मी टिकवाच्या खाण्याचं सांगून राहिली. तठी अजून एक शिट्टी द्याले माणूस उरत नाही." आणि गेल्या. शेजारीण म्हणाली, "सरकलेली आहे."

सरकलेली नव्हती. दुर्गला तेव्हा एक लहानसं शिकवणी केंद्र होतं. आपले टमाटे, आंबे, मटार घेऊन जायचं, तिथं ते पत्र्याच्या डब्यात भरून, झाकण दाबून, वाफेत शिजवून द्यायचे. बाई तिथं झाडू-पोछ्याला आणि डबे धुवायला होत्या. बरीच वर्षं. चौथी शिकलेली बाई, पण फरशी पुसता पुसता सगळं ऐकायची. मॅडम फळ्यावर लिहायच्या, बाई घरी जाऊन पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायच्या. कोणत्या भाजीला किती वाफ, किती मिनिटं, बरणी केवढी. मॅडमला कळलं तेव्हा मॅडम हसल्या म्हणे, "तुला काय करायचं गं हे?" बाईंनी सांगितलं, "तुमी सुट्टीवर असान तवा कामी येईन." आणि तसंच झालं. एकदा मॅडम नसताना शिकाऊ पोरींनी वाफेच्या मोठ्या भांड्यातली हवा बाहेर न काढताच वरचं वजन बसवलं. दाबाचा काटा बरोबर आकड्यावर उभा. पोरी खुश. बाई पोछा टाकून धावल्या, "आत वाफ नाही, हवा आहे! काटा खोटं बोलून राहिला!" वजन काढायला गेल्या तो हात भाजला. तोच तो चट्टा. कोणी सहानुभूती दाखवली की म्हणायच्या, "हे माहं सर्टिफिकेट आहे. कागदाचं कोणी देलं नाही."

केंद्र बंद पडलं. ते मोठं भांडं भंगारात निघालं. बाईंनी भंगारवाल्याशी दोन दिवस भांडून ते सायकल रिक्षावर घालून कॅम्पात आणलं. मालकांनी प्लांटातल्या दोस्ताकडून त्याचा काटा तपासून घेतला. आम्ही त्याला बॉयलर म्हणायचो.

आता मी त्यांच्याकडे जायला कशी लागले? माझ्या सासूबाईंमुळे, हे ऐकून हसू येईल. एका हिवाळ्यात टमाट्याचे भाव एवढे उतरले की गाईही तोंड फिरवत होत्या. बाई गल्लीत सगळ्यांना शिकवत फिरल्या. मला एक बरणी भरून दिली. टमाट्याचा रस, त्यात लिंबू, उकळत्या पाण्यात बुडवून घट्ट झालेली. सासूबाईंनी बरणी पाहिली, मग मला पाहिलं. "कोणाकडची?" मी नाव सांगितलं. बरणी चुलीकडे गेलीच नाही. अंगणात सायकलच्या वरच्या फळीवर, मातीच्या तेलाच्या, म्हणजे रॉकेलच्या, कॅनजवळ जाऊन बसली. मी भाकरी थापत राहिले. तेव्हा बोलत नव्हते.

आठ महिने ती तिथं होती. भिलाईचा मे महिना सांगायला नको. पत्र्याला हात लावला तर चटका. पावसाळ्यात सासूबाईंचं आंब्याचं लोणचं बुरशीनं पांढरं झालं, कारण ओला चमचा कोणाचा तरी गेला, तो कोणाचा यावर चार दिवस घर पेटलं. आणि फळीवरची बरणी? रंग थोडा काळवंडला, बाकी जशीच्या तशी. झाकण आत ओढलेलं. आमच्या यांनी एक दिवस काही न विचारता ती उघडली, रस्सा केला आणि सासूबाईंच्या ताटात वाढला. त्यांनी खाल्ला. अजून थोडा मागितला. मग त्यांना समजलं, बरणी कोणती ते. त्या म्हणाल्या, "मले आधी कावून नाही सांगितलं?" पण ताट सरकवलं नाही.

ही गोष्ट मी बाईंना सांगायला गेले. वाटलं, त्यांना बरं वाटेल. बाई भांडं घासत होत्या. हात थांबले. "बाहेर ठेवली होती?"

"हो... म्हणजे सासूबाईनं..."

"आठ महिने?"

"हो."

"बरं झालं. एवढी कडक परीक्षा मी घरी घेतली नसती." पुन्हा घासायला लागल्या. मी सुटले म्हणून उठले, तर मागून आवाज आला. "मंदे, बरणी तुह्या घरात गेली. आता मी येतो. उद्या चार वाजता. चहा ठेवजो. आन पाहुण्याचा वेगळा कप काढू नको, तुमी पेता तोच."

दुसऱ्या दिवशी बरोबर चारला आल्या. सासूबाई समोर बसलेल्या. बाईंनी चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश, पूर्ण. घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "चहा जास्त उकळला." तेव्हापासून मी त्यांची चेली.

त्यांच्या ओसरीवर त्या शिकवायच्या. मी शेतकऱ्याची पोर, म्हणून माझ्यासाठी खास समजावणी. "तुमच्या धानात करगा होते न?" करगा म्हणजे धानासारखं दिसणारं रानटी गवत. "होते."

"उपटते तुमी. मंग दुसऱ्या साली कुठून येते?"

"बी मातीत राहते न."

"बस. जंतूचं तसंच. उकळलं की हिरवं गवत मेलं. पण एक जात अशी आहे, बी धरून बसते. त्या बीले उकळतं पाणी म्हणजे थंडीतली आंघोळ. मरत नाही. त्याले एकशे एकवीस डिग्री पायजे, आन पाणी उघड्यावर शंभराच्या वर जात नाही, कितीही लाकडं जाळ. म्हणून प्रेशर. समजलं?"

"मंग टमाट्याले कावून नाही लागलं प्रेशर?"

"शाबास! आंबटात ते बी उगवतच नाही. आंबा, लिंबू, चिंच, लिंबू पिळलेला टमाटा, यायले उकळतं पाणी पुरते. पण मटार, शेंगा, कंद, मटन, मासोळी... अठी आंबट नाही. आन आपण काय करतो? हवा काढून झाकण घट्ट लावतो. दुसरे जंतू हवेबिगर मरतेत. याले हवा नसली की दिवाळी. मजेत बसते, जहर करते. वास नाही, रंग नाही, चव नाही. खाणाऱ्याचे आधी डोळे जड, मंग जीभ जड, मंग श्वास. नाकाले काय समजते?"

मी म्हटलं, "बाई, भेव दाखवता तुमी."

"भेव पायजेच. भेव आन घड्याळ."

छत्तीसगढ राज्य नवं झालं त्यानंतर महिला समूहांचं वारं आलं. बाईंनी बारा बायका जमवल्या. त्यात मी, शेजारच्या गल्लीतली छाया गजभिये, आणि फुलेश्वरी, ती इकडचीच, छत्तीसगढी. एका साहेबानं आम्हाला पत्र्याची एक खोली मिळवून दिली. साहेब म्हणजे समूहांची कामं बघणारा अधिकारी, तसा माणूस वाईट नव्हता, घाईत असायचा. तिथं बॉयलर बसला. पहिली दोन वर्षं आंब्याचा रस, टमाटा, आवळा, म्हणजे सगळं आंबट. मग दुर्गच्या मोठ्या मेळाव्यात स्टॉल मिळणार असं ठरलं. कोणी मोठे पाहुणे येणार होते. साहेब म्हणाले, काही तरी नवीन दाखवा.

बाई म्हणाल्या, "सोले."

सोले म्हणजे तुरीचे हिरवे दाणे. थंडीत आम्ही विदर्भातली माणसं सोल्यांसाठी वेडी होतो, आणि होळी आली की संपतात. वर्षभर सोले! पण सोले आंबट नाहीत. बाईंनी तीन दिवस एकेका खेपेपाशी स्टूल टाकून बसून, काटा आणि घड्याळ पाहात बारा डझन बरण्या काढल्या. कोणाला हात लावू दिला नाही. मिठाच्या पाण्यात हिरवे दाणे, काचेत दिसणारे. त्या रात्रीच्या गाडीनं बाई गोंदियाला गेल्या, बहिणीची तब्येत बिघडली होती. जाताना एवढंच म्हणाल्या, "पुसून ठेवजा. लेबल लावजा."

आणि आता मला माझं सांगावं लागणार.

आम्ही बरण्या पुसत होतो. पाहिलं तर दाण्यांचा रंग शेवाळी झालेला, वरचे दाणे पाण्याबाहेर डोकावणारे. मला ते उघडे-बोडके वाटले. आमच्याकडे रीत अशी की टिकवायच्या जिनसावर बोटभर तेल हवंच. आजीनं शिकवलं, आईनं शिकवलं, सासूनं शिकवलं. मी म्हटलं, "वरून तेल नाही तं टिकेन कसं? बाई घाईत विसरल्या असतीन." फुलेश्वरी म्हणाली, "तेल डार देबो त बने दिखही दीदी." दिसायलाही छान दिसेल. छाया काही तरी म्हणत होती, "पण बाईले विचारू न आधी," मी म्हटलं, "बाई लोणची घालत नाहीत का?" आणि आम्ही झाकणं उघडली. लसूण-जिऱ्याची फोडणी केली, रीतीप्रमाणे थंड केली, प्रत्येक बरणीत ओतली, कड पुसली, झाकण घट्ट पिळलं. बारा डझन. काय सुंदर दिसत होत्या! सोनेरी टोपी घातल्यासारख्या. मला माझाच अभिमान वाटला.

दोन दिवसांनी सकाळी बाई स्टेशनवरून सरळ खोलीवर आल्या. दारातूनच पाहिलं. एक बरणी उचलली, झाकणाच्या मधोमध अंगठा दाबला. टक्. दुसरी. टक्. तिसरी. झाकण आत ओढलेलं असलं की समजावं आत बाहेरची हवा शिरली नाही. आमचं प्रत्येक झाकण वर उचललेलं, टकटक करत होतं. 

"तेल कोणाची आयडिया?"

फुलेश्वरी जमिनीकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "माही."

"लोणच्याची अक्कल लावली?"

"हो."

"लोणच्यात मीठ किती? आंबट किती? तेल तठी फक्त राखणदार आहे. सोल्यात काय आहे? काहीच नाही. तुमी झाकण उघडलं, हात लागले, लसूण टाकला, मातीतली चीज. आन वरून तेल टाकून खाली बिनहवेची खोली बांधून देली. भाडेकरू आले असतीन का नाही, मले माहीत नाही. तुले माहीत आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"परत बॉयलरमध्ये टाकू न बाई," छाया म्हणाली.

"दोन दिवस झाले, दोन दिवस ते असेच उभे आहेत. आन तेलात गरमी कशी जाते हे माह्या वहीत नाही. जे माहीत नाही ते मी बरणीत भरत नाही."

तेवढ्यात साहेब आले. मेळावा तीन दिवसांवर. बरण्या पाहून खुश. बाईंनी सांगितलं, माल जाणार नाही. साहेब हसले. मग समजलं की बाई हसत नाहीत.

"अरे रामटेके जी, क्या बात करती हैं! सूंघ के देखिए, कितनी बढ़िया खुशबू है."

"खुशबू लहसुन की है साहब. अंदर जो होगा, वो बोलता नहीं."

"दो दिन में कौन-सा पहाड़ टूट गया? ऊपर से आदेश है, स्टॉल खाली नहीं जाना चाहिए. लाइए, मैं खुद खा के दिखाता हूँ." आणि खरंच त्यांनी एक बरणी उघडली, टेबलावरचा चमचा घेतला, भरला, तोंडाकडे नेला.

बाईंनी साहेबाच्या हातावर चापट मारली. फाडकन. चमचा उडाला, सोले भिंतीवर, साहेबाच्या शर्टावर.

 साहेबाचा चेहरा लाल. बाईंचा आवाज ठाम. "नाम काट दो, समूह बंद कर दो, थाने में लिखाओ. खाना मत. आपके भी बच्चे हैं."

साहेब शर्ट झटकत गेले.

ते गेल्यावर छाया रडायला लागली. ती बाईंच्याच समाजाची, बाईंच्या मुलीसारखी. "बाई, आधीच आपल्या हातचं खायाले लोकं नाक मुरडतेत. किती मुश्किलीनं बारा घरच्या बायका एका चुलीशी आल्या. आता आपणच फेकलं तं कॅम्पभर होईन, रामटेकेच्या हातचं सडलं. चुपचाप फेकू. सांगू की गाडीत फुटल्या."

बाई स्टुलावर बसल्या. पहिल्यांदा मी त्यांना थकलेलं पाहिलं. घड्याळाचा पट्टा आवळला. मग म्हणाल्या, "दुसऱ्याचं बिघडलं तं नशीब फुटलं म्हणतेत. आपलं बिघडलं तं जात काढतेत. मले ठाऊक नाही का? म्हणून मी डबल पाहतो, चारदा पाहतो. पण लपवलं तं त्यायचं म्हणणं मीच खरं केलं. मंग तोंड वर करून कोणाले विचारू, माह्या हातात काय खोट आहे? दिवसा फेकू. सगळ्यायच्या समोर."

मी म्हटलं, "बाई, चुकी माही आहे. माहं नाव सांगा."

"तुहं नाव सांगून काय करू? बरणीवर समूहाचं नाव आहे. चाल, खड्डा खण."

खोलीसमोरच्या मैदानात, भर उन्हात, आम्ही खड्डा खणला. बरण्या तशा ओतायच्या नव्हत्या, कुत्रं, गाय खाईल म्हणून. बंद बरण्याच मोठ्या भांड्यात पाण्यात बुडवून अर्धा-अर्धा तास उकळल्या, मग एकेक उघडून खड्ड्यात ओतली, वर चुना. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. बाई स्टूल टाकून खड्ड्याच्या काठावर बसल्या. कॅम्प जमा झाला. कोणी हळहळलं, कोणी हसलं. एक म्हातारा ओरडला, "अवो, वाटून टाका ना गरिबायले!" बाई वळून म्हणाल्या, "गरिबाचं पोट काय कचरापेटी आहे का, काका?"  हिरवे दाणे, सोनेरी तेल, पांढरा चुना. मी ओतत होते आणि प्रत्येक बरणीबरोबर रडू येत होतं. बाईंनी मला एकदाही थांब म्हटलं नाही. शेवटची बरणीही मलाच ओतायला लावली.

मला वाटलं, संपलं. पण मेळाव्याच्या दिवशी सकाळी बाई दारात. "चाल."

"कुठी? माल कुठी आहे?"

"स्टॉल आहे न."

ब्लीचिंग पावडरनं धुतलेल्या रिकाम्या बरण्या त्यांनी टेबलावर ओळीनं उपड्या मांडल्या. मधोमध पुठ्ठ्याची पाटी, छायाच्या अक्षरात: "इस बार का पूरा माल हमने खुद फेंका. क्यों फेंका, पूछिए."

आजूबाजूला पापड, कुरडया, मडकी, साड्या. आणि आमच्या टेबलावर काहीच नाही. सगळ्यात मोठी गर्दी आमच्यापाशी. पहिला तास लोक हसायला आले. मग विचारायला लागले. बाईंनी करग्याचं सांगितलं, बीचं सांगितलं, काट्याचं सांगितलं, प्रत्येकाला पहिल्यापासून, न कंटाळता. माझी चूकही सांगितली, नाव न घेता. शेवटी मीच उठून म्हटलं, "तेल मैंने डाला था." एका बाईनं दुर्गच्याच पद्मनाभपूरहून आले म्हणून सांगितलं, शाळेत शिकवते म्हणाली, दोनदा ऐकलं आणि मग आपल्या पिशवीतून घरच्या शेंगांची बंद बाटली काढून विचारलं, "ये मैंने सिर्फ उबाल के बंद की है. खाऊँ?" बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "आपने पूछा, इसलिए बच गईं."

साहेबांनी मोठ्या पाहुण्यांना दुसऱ्या रांगेतून नेलं. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. महिन्याभरात खोलीचं कुलूप बदललं. समूहाचं नाव यादीतून गेलं. बाराच्या पाच बायका उरल्या. फुलेश्वरी राहिली, छाया राहिली. कॅम्पात बाईंच्या हातचं सडलं असं बोलणारे होतेच, अजूनही एखादा आहे. बॉयलर पुन्हा बाईंच्या ओसरीवर आला. मी शरमेनं गेले नाही, तर त्याच आल्या. "घरी बसून काय करून राहिली?"

"मले ठेवता तुमी? एवढं झाल्यावर?"

"जिनं चुकी केली तिले नियम जिंदगीभर याद राहते. बाकीच्यायवर माहा भरोसा कमी आहे. उद्यापासून काटा तू पाहाचा."

त्या दिवसापासून पुढची तेरा वर्षं काटा मी पाहिला. एक बरणी परत आली नाही.

शेवटची भेट दुर्ग स्टेशनवर. गोंदियाच्या काही बायकांनी शिकवायला बोलावलं होतं. वय सत्तरीपलीकडे, डोळ्यात मोतीबिंदू, पोरगा म्हणत होता जाऊ नको. बाई म्हणाल्या, "डोळ्यानं जाते का गाडी?" मी पोचवायला गेले होते. दुपारची गाडी. खिडकीपाशी बसवून दिलं, पाण्याची बाटली दिली. समोरच्या बाकावर एक नवं जोडपं, हौसेनं रसगुल्ल्याचा बंद डबा उघडायच्या बेतात. नवऱ्यानं डबा उपडा केला तसा बाईंनी हात पुढे केला, डब्याचा तळ बोटांनी चाचपला. तळ फुगलेला होता.

"मत खोलो. फेंको."

"क्यों माताजी? आज ही लिया है."

"अंदर से धक्का मार रहा है. जिंदा है कोई अंदर."

बायको हसली. नवरा म्हणाला, "अरे, कुछ नहीं होता," आणि डबा ओढायला लागला. बाईंनी सोडला नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरला. बोगीतले लोक उठून पाहायला लागले, कोणी म्हणे द्या त्यांचा डबा, कोणी म्हणे बाई वेडी दिसते. मी खिडकीच्या गजाला धरून ओरडत होते, "सुन लो उनकी, सुन लो!" तेवढ्यात गाडी हलली. मी चालायला लागले, मग थोडी पळाले. तो नवरा चिडून विचारत होता, "आप होती कौन हैं, बोलिए! कौन हैं आप?"

बाई उभ्या राहिल्या. चालत्या गाडीत, डबा तसाच पोटाशी, मान ताठ. गाडीच्या आवाजावरून मला शेवटचं ऐकू आलं ते एवढंच:

"यशोदा गणपत रामटेके. कॅम्प एक, भिलाई. लिख लो."